खुळखुळणारा चेंडू आणि दहा मायक्रोसेकंद

नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबोत भारताच्या अंध महिला क्रिकेट संघाने पहिलावहिला टी-२० विश्वचषक जिंकला. त्यावर चर्चगेट लोकलमध्ये गप्पा रंगल्या असताना एक काका म्हणाले, "देव डोळे घेतो, पण कान दिव्य देतो." भावना चांगली आहे. पण त्यामुळे त्या मुलींची मेहनत देवाच्या खात्यावर जमा होते, आणि कानातलं खरं आश्चर्य बघायचं राहून जातं.

या क्रिकेटमधला चेंडू कडक प्लॅस्टिकचा असतो, आत छर्रे. गोलंदाज "रेडी?" विचारते, फलंदाज "येस" म्हणते, मग "प्ले" म्हणत चेंडू अंडरआर्म सोडला जातो. त्याने खेळपट्टीच्या अर्ध्याच्या आत टप्पा खायलाच हवा. हवेतल्या चेंडूत कवच आणि छर्रे एकत्रच खाली पडत असतात, त्यामुळे खुळखुळ मंदावते. जमिनीचे हादरे बसले की छर्रे पुन्हा बोलू लागतात.

आता माझा आवडता भाग. आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानात आधी पोचतो. अगदी काटकोनातून आला तरी हा फरक जेमतेम ०.६५ मिलिसेकंद. समोरचा चेंडू एक अंश बाजूला सरकला, तर फरक पडतो साधारण १० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या एक लाखाव्या भागाचा. माणसाचा मेंदू तोही ओळखतो! चेंडू पाच मीटरवर असताना एक अंश म्हणजे सुमारे नऊ सेंटिमीटर, आणि बॅटची कमाल रुंदी १०.८ सेंटिमीटर. म्हणजे कानाची अचूकता बॅटच्या रुंदीत बसते.

हे घडतं कसं? लॉइड जेफ्रेस यांनी १९४८ मध्ये कल्पना मांडली, की दोन्ही कानांचे संदेश कमी-जास्त लांबीच्या चेतातंतूंतून धावतात आणि ज्या पेशीवर ते एकाच क्षणी पोचतात, ती पेशी दिशा सांगते. घुबडात अशी रचना सापडली. सस्तन प्राण्यांबाबत वाद चालू आहे. आवाज साधारण १५०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १५०० कंपनांच्या वर गेला की त्याच्या लाटा इतक्या आखूड होतात की कुठली लाट कुठल्या कानात आधी आली, याचा घोळ होतो. तिथे डोक्याची सावली कामी येते : पलीकडच्या कानात आवाज क्षीण पोचतो.

जन्मांध व्यक्तींमध्ये मेंदूचा पाहण्याचा भाग आवाजाच्याही कामाला लागतो, हे स्कॅनमध्ये दिसलं आहे. पण संघातल्या सगळ्याच पूर्ण अंध नसतात. किमान चार असाव्या लागतात. सगळ्यांच्या कानामागे वर्षानुवर्षांचा सराव असतो.

आझाद मैदानावर एकाच वेळी कितीतरी सामने चालतात, कुणाचा फिल्डर दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा असतो. त्या गलक्यात छर्रे ऐकू येणं अशक्य. म्हणून असा सामना बघायला गेलात, तर "प्ले" ऐकू आल्यापासून बॅटचा आवाज होईपर्यंत टाळी नको, शिट्टी नको, आणि मोबाइल बंद.