सातारच्या वर्गात कृत्रिम बुद्धिमत्ता

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 'कमवा आणि शिका' ही तिची ओळख. २०२१ मध्ये साताऱ्यात त्यांच्या नावाचं विद्यापीठही सुरू झालं. कष्टाने शिकायची ही परंपरा एकीकडे, आणि मागाल त्या विषयावर क्षणात निबंध लिहून देणारं यंत्र दुसरीकडे. त्याला वर्गाबाहेर ठेवता येणार नाही, ठेवूही नये. पण आत घेताना ते चालतं कसं, हे विद्यार्थ्याला आधी शिकवायला हवं.

चॅटजीपीटीसारखं मॉडेल अफाट मजकुरावर तयार होतं. आतापर्यंतच्या मजकुरानंतर पुढे कोणता तुकडा येण्याची शक्यता जास्त, याचा ते अंदाज बांधतं, तो तुकडा जोडतं आणि पुन्हा अंदाज बांधतं. खरं-खोटं पडताळण्याची पायरी या मूळ क्रियेत नाही. त्यामुळे मुळात नसलेल्या शोधनिबंधाचा संदर्भही ते सफाईने देतं.

मग यंत्राने लिहिलेलं पकडायचं कसं? चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने त्यासाठी काढलेलं स्वतःचं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. अशा साधनाच्या भरवशावर एखाद्या मुलीला कॉपीबहाद्दर ठरवणं हा अन्याय आहे. त्यापेक्षा गृहपाठच बदलावा. मराठी विश्वकोशाचं काम वाईत उभं राहिलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. त्यातली एक नोंद आणि त्याच विषयावरचं यंत्राचं उत्तर शेजारी ठेवा. कुठे चुकलं, काय सुटलं, हे विद्यार्थ्याने लिहावं आणि तोंडी परीक्षेत सांगावं.

मराठीची अडचण वेगळी आहे. मॉडेल मजकुराचे तुकडे पाडून वाचतं, त्यांना टोकन म्हणतात. संगणकात अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत 'सातारा' साठवायला १८ बाईट लागतात; रोमन लिपीत तेच नाव ६ बाईटांत मावतं. मुख्यतः इंग्रजीवर बेतलेली टोकन-पद्धत मराठीचे जास्त तुकडे पाडते, आणि वापराचा खर्च टोकनांवर मोजला जातो, त्यामुळे तेच वाक्य मराठीत महाग पडतं. नव्या मॉडेलांत हे बरंच सुधारलंय. पण शिकण्यासाठी मराठी मजकूरच इंग्रजीच्या मानाने थोडा, त्यामुळे खटावच्या मुलाला मराठीतून मिळालेलं उत्तर इंग्रजीइतकं भक्कम असेलच असं नाही.

संशोधनात मात्र या तंत्राची ताकद डोळे दिपवणारी आहे. प्रथिनांचा आकार ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या मॉडेलने २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज खुले केले. त्यामागच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. ते अंदाज साताऱ्यातल्या प्रयोगशाळेलाही फुकट पाहता येतात. कार्यालयात पत्रांचे मसुदे, इतिवृत्तं यंत्राकडून जरूर करून घ्यावीत. विद्यार्थ्यांचे दाखले आणि गुणपत्रकं मात्र बाहेरच्या साधनात टाकू नयेत.

आणि एक काम इथेच होऊ शकतं. माण, पाटण, जावळीहून येणारी मुलं आपापल्या घरचं बोलणं घेऊन येतात. घरच्यांच्या संमतीने ते ध्वनिमुद्रित करावं, नीट लिहून काढावं आणि बोलणं ओळखणाऱ्या मॉडेलला ऐकवावं. माणदेशी आजीचं कोणतं वाक्य त्याला कळत नाही, याची यादी पदवीचे विद्यार्थीही करू शकतील.