चावी गेली, चावीवाला राहिला

आमचे आजोबा, आबा, गेले तेव्हा भेटायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी विचारलं, "रेल्वेत नक्की काय होते ते?" फलकावर आम्ही 'मध्य रेल्वेचे निवृत्त कर्मचारी' एवढंच लिहिलं होतं. 'की-मन होते' म्हटलं की समोरच्याचा चेहरा कोरा. कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीतल्या एका काकांना वाटलं, स्टेशनच्या किल्ल्या सांभाळत असतील. किल्ल्यांचा काही संबंध नाही. तेव्हा हे सगळं मुळापासून सांगायला हवं.

ठाण्यात रेल्वेचा इतिहास म्हटला की तो १६ एप्रिल १८५३ पासून सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. बोरीबंदरहून ठाण्याला आलेली गाडी, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी. ३४ किलोमीटरचा हा मार्ग बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले आणि कंपनी उभी राहावी म्हणून खटपट करणारे नाना शंकरशेठ यांची नावं शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतात. पण गाडी ठाण्यात थांबली नाही. वर्षभराने, १८५४ च्या मे महिन्यात, खाडीवरून आणि पारसिकच्या डोंगराला वळसा घालून ती कल्याणला पोचली. रूळ टाकून झाले म्हणजे काम संपलं असंही नव्हतं. ते रोज कुणीतरी पायी चालून बघावे लागतात. आमचे आबा त्या 'कुणीतरी'तले.

आबांचं गाव मावळातलं, घाटमाथ्याजवळचं. भोर घाटाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ ला त्यातून गाडी गेली. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर तिथे राबत होते आणि पटकीने किती गेले त्याला गणती नाही. आमच्या घराण्यातलंही कुणी तिथे होतं असं आजी सांगायची, पुरावा काही नाही. मात्र त्या पट्ट्यातल्या माणसांना रेल्वेची नोकरी परकी नव्हती, हे खरं. आबा १९५७ मध्ये गँगमध्ये, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या मजुरांच्या तुकडीत, लागले. जीआयपी सरकारने १९२५ मध्येच ताब्यात घेतली होती आणि १९५१ पासून तिचं नाव मध्य रेल्वे झालं होतं. तरी जुनी माणसं 'जीआयपी'च म्हणत, आणि शेवटपर्यंत आबाही.

आता ती चावी. रूळ स्लीपरवर, म्हणजे खाली आडव्या टाकलेल्या तुळईवर, नुसता ठेवलेला नसतो, तो घट्ट धरून ठेवावा लागतो. अगदी जुन्या दुतोंडी रुळांना ओतीव लोखंडाच्या खुर्चीत बसवून लाकडी पाचर ठोकत. पुढे लोखंडी आणि पोलादी स्लीपर आले तेव्हा पाचरही पोलादाची झाली, वीतभर लांब, एका टोकाला निमुळती. हीच चावी. गाड्यांच्या धक्क्यांनी ती हळूहळू सरकते, कधी निसटून खडीत पडते. एखादी पडली तर काही होत नाही. ओळीने पाच-दहा ढिल्या झाल्या तर रुळांमधलं अंतर पसरायला लागतं, आणि ब्रॉडगेजचं ते अंतर १६७६ मिलिमीटर असावं लागतं. म्हणून प्रत्येक गँगमध्ये एक चावीवाला. रोज सकाळी त्याने आपल्या पाच-सहा किलोमीटरच्या हद्दीत चालत जायचं, येताना दुसऱ्या बाजूने परतायचं. खांद्यावर लांब दांड्याची हातोडी, पाना, लाल-हिरवे झेंडे आणि डब्यात फटाके.

हे फटाके दिवाळीचे नव्हेत. रूळ तुटलेला दिसला तर गाडीच्या दिशेने धावत सुटायचं, ६०० मीटरवर एक फटाका रुळावर बांधायचा, १२०० मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन. चाक वरून गेलं की बार उडतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. आबांवर ही वेळ आयुष्यात दोनदा आली. दोन्ही वेळा थंडीत, पहाटे. थंडीने रूळ आखडतात आणि जोडाशी तडकतात. गोष्ट सांगताना त्यांचा सगळा भर आपण किती धापा टाकल्या यावर असायचा. गाडी वाचली, हे ते जाता जाता सांगत.

त्यांची हद्द बरीच वर्षं ठाणे खाडीचा पूल ते मुंब्र्याकडचा डोंगर. जलद गाड्यांसाठी १९१६ मध्ये पारसिकचा १.३ किलोमीटरचा बोगदा झाला, त्यामुळे वळशाचा जुना रस्ता धीम्या गाड्यांना उरला. आबा त्या वळशाचे. पावसाळ्यात डोंगर खाली यायचा, दरड नाही तर निदान चिखल. तेव्हा रात्रीची गस्त. एका हद्दीचा गस्तवाला दुसऱ्याला मध्ये भेटायचा आणि दोघे वह्या बदलायचे. समोरच्याची वही हातात असल्याशिवाय परत येता येत नसे. त्यामुळे कुणी मध्येच झोपडीत बसून राहिला तर पकडला जायचा. ही युक्ती ज्याने काढली त्याला माणसाचा स्वभाव चांगला माहीत असणार.

ठोकणं म्हणजे ताकदीचं काम, असा माझा समज. आबा म्हणायचे, "नुसतं ठोकून काय व्हतंय? ऐकायला पायजे." घट्ट चावीवर हातोडी पडली की टणकन आवाज येतो, ढिलीवर बद्द. चालता चालता कानाने निवड करायची आणि हव्या त्याच ठिकाणी थांबायचं. ही सवय घरातही गेली नाही. माठ आणला की बोटाच्या पेराने टकटक, कलिंगड घेताना टकटक. मी पहिलीत असताना माझं दप्तर, डब्याचं झाकण, बुटाची लेस सगळं हात लावून तपासल्याशिवाय मला उंबऱ्याबाहेर सोडत नसत. शाळेत मला तेच पोचवायचे. फूटपाथवरही त्यांची पावलं मोजल्यासारखी एकसारखी पडायची. स्लीपरवरून चालणाऱ्याची पावलं तशीच होतात.

मे १९७४ च्या देशभरातल्या रेल्वे संपात ८ ते २७ तारखेपर्यंत आबा गावाला होते. संपाबद्दल ते फारसं बोलत नसत, पण आजी सांगायची की रोज सकाळी उठून ते अंगणात येरझारा घालायचे आणि एकच विचारायचे, "हद्द कोन बघत आसंल?"

आबा १९९३ मध्ये निवृत्त झाले, तोवर त्यांच्या पदाचं मूळच जायला लागलं होतं. काँक्रीटचे स्लीपर आले आणि त्यांच्याबरोबर पोलादी सळईच्या वेटोळ्या क्लिपा. मुख्य मार्गावर किलोमीटरला १६६० स्लीपर धरले, तर स्लीपरला चार या हिशेबाने ६६४० क्लिपा होतात, आणि चावी एकही नाही. रूळही सांधून लांबच लांब झाले. पूर्वी तेरा मीटरचा एक रूळ, म्हणून दर तेरा मीटरवर खडक-खडक. पदाला मात्र लोक अजून की-मनच म्हणतात. कागदावर गँगमन आता 'ट्रॅक मेंटेनर' आहे, अंगात केशरी जाकीट, खिशात जीपीएस. चालणं आणि हातोडी सुटलेली नाही.

नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला. त्याआधी कोपरखैरण्याहून ठाणं म्हणजे बस आणि ठाणे-बेलापूर रस्ता. पहिल्याच आठवड्यात आबांनी मला घेऊन ठाण्याला चक्कर मारली. मी खिडकीशी, ते डोळे मिटून. मला वाटलं झोपले. रबाळ्याच्या पुढे म्हणाले, "आवाजच नाय. मानसाला कळनार कसं?" तक्रार होती की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या पारसिकच्या डोंगराशी आता पाचवी-सहावी मार्गिका झाली. फेब्रुवारी २०२२ पासून जलद लोकलही मुंब्र्याच्या बाजूने जातात, म्हणजे आबांच्या वळशानेच. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले.

निवृत्तीला गँगच्या पोरांनी शालीत गुंडाळून एक गंजलेली चावी दिली होती, भंगारातली. आबांना ते जड गेलं. सरकारी माल घरात! हातोडी, पाना, झेंडे, सगळं त्यांनी मोजून परत केलं होतं. कित्येक वर्षं कुणी खाकीतला दारात आला की ते चावी गादीखाली सरकवत. पुढे ती हॉलच्या खिडकीत आली. आमची खिडकी वाऱ्याने आपटते, तिच्या फटीत चावी पाचरीसारखी चपखल बसते. दर मृगाच्या आधी आबा तिला खोबरेल तेलाचं बोट लावून पुन्हा ठोकत. यंदा बाबांनी ठोकली, मग बोटाच्या पेराने वाजवून बघितली, आणि आणखी एकदा ठोकली.