वाडा, वड आणि कोतर राखायचं असेल तर कोणता कागद करावा?
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, वडोदरा)

"आमच्यामागे हा वाडा कुणी पाडू नये, असं काहीतरी पक्कं लिहून द्या," अशी मागणी घेऊन येणाऱ्या कुटुंबांसाठी हे पत्रक आहे. कधी वाड्याच्या जागी विहीर असते, कधी शेतातला जुना वड, तर कधी विश्वामित्री नदीच्या अंगाचं कोतर, म्हणजे पाणी वाहून नेणारी घळ. मागणी रास्त आहे आणि कायद्यात तिला वाट आहे. वाट अरुंद आहे, एवढंच. लोक सहसा ज्या वाटेने जातात, म्हणजे मृत्युपत्रात एक कडक वाक्य घालतात, ती मात्र पुढे बंद असते.

ते वाक्य आधी पाहू. "घर मुलाला दिलं, पण त्याने ते कधीही विकू नये." मालमत्ता पूर्ण मालकीने द्यायची आणि वर विकायला कायमची बंदी घालायची, हे कायद्याला मान्य नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 10 प्रमाणे अशी अट रद्दबातल ठरते आणि मृत्युपत्रालाही हेच तत्त्व लागतं. कलम 11 त्याच्या पुढचं सांगतं. मालकी दिल्यावर ती जागा कशी वापरायची याचे हुकूमही चालत नाहीत. मुलगा घर घेतो, अट तशीच कागदावर राहते.

पण याच कलम 11 मध्ये एक अपवाद आहे आणि आमचं सगळं काम त्या अपवादावर चालतं. एका जमिनीवरचं बंधन दुसऱ्या जमिनीच्या सुखासाठी घातलं असेल तर ते टिकू शकतं. त्याला जोड आहे कलम 40 ची. असं बंधन, माहीत असताना जमीन विकत घेणाऱ्यावरही लागू होतं. फुकटात मिळालेल्यावर, म्हणजे बक्षीसपत्राने घेणाऱ्यावर, तर माहिती नसली तरी लागू होतं. सुटतो तो फक्त पैसे मोजून आणि खरोखर काही माहीत नसताना घेणारा.

म्हणजे दोन गोष्टी हव्यात: दोन जमिनी, आणि पुढच्या खरेदीदाराला आधी कळेल अशी सोय.

या तत्त्वामागचा खटला लंडनचा आहे. लेस्टर स्क्वेअरच्या मधली बाग टल्क नावाच्या मालकाने 1808 मध्ये विकली. भोवतालची घरं त्याचीच होती, म्हणून बाग मोकळी ठेवायची, तिथे बांधकाम करायचं नाही, असं त्याने खरेदीखतात लिहून घेतलं. बाग हातोहात विकली जात मॉक्सहे नावाच्या माणसाकडे आली. त्याच्या खतात ती अट नव्हती, पण जुनी अट त्याला ठाऊक होती. तरी त्याला बांधायचं होतं. 1848 मध्ये कोर्टाने त्याला अडवलं. अट माहीत असताना स्वस्तात घ्यायचं आणि मग अट झटकून महाग विकायचं, हे चालू देणं न्यायाचं नाही, असा त्या निकालाचा रोख होता. आपल्याकडचं कलम 40 त्याच विचाराचं आहे.

परदेशात मुलं असलेले ग्राहक इथे हमखास विचारतात, "तिकडे तर एखाद्या संस्थेच्या नावे करार करून जमीन कायमची राखतात, कर पण वाचतो. इथे का नाही?" अमेरिकेत ही पद्धत रुळलेली आहे. त्यासाठीचा नमुना कायदा 1981 चा आहे आणि कायमचा हक्क देणाऱ्या मालकाला अटींनुसार आयकरात सवलत मिळते. इंग्लंडमध्ये अशा करारांची कायद्यातली तरतूद 30 सप्टेंबर 2022 पासून लागू झाली. आपल्याकडे तसा कायदा नाही. आपला सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीवरचा हक्क, इंग्रजीत ईझमेंट) कायदा 1882 चा आहे आणि त्याच्या कलम 4 प्रमाणे असा हक्क एखाद्या जमिनीच्या उपभोगासाठीच असावा लागतो. शेजारी इंचभर जागा नसलेली संस्था तुमच्या वडावर असा हक्क धरू शकत नाही. करसवलतीचंही तसंच. आपल्याकडे दानावरची आयकर सवलत पैसे दिले तर मिळते, जमिनीवरचं बंधन दिलं म्हणून नाही. परदेशी नमुना डाउनलोड करून आणला तर आम्ही तो आनंदाने वाचतो, पण नोंदायला नेत नाही.

वाटणीची वेळ सोडू नका

आमच्या अनुभवात असा करार करायची खरी वेळ एकच असते, ती म्हणजे वाटणी. तेव्हा एका जागेचे दोन-तीन तुकडे होत असतात, म्हणजे कायद्याला हव्या त्या दोन जमिनी आपोआप तयार होतात. भाऊ-बहिणी टेबलाशी बसलेले असतात, दस्त नाहीतरी नोंदवायचाच असतो. धाकट्याला मागचा चौक आणि विहीर, थोरल्याला रस्त्याकडचा भाग. अशा वेळी थोरला लिहून देतो की दर्शनी लाकडी सज्जा आणि खांब काढणार नाही, आणि धाकटा लिहून देतो की विहिरीवर स्लॅब टाकणार नाही, ती बुजवणार नाही. दोघांचंही त्यात भलं असतं आणि तेच कागदात स्पष्ट लिहायचं असतं: हे बंधन अमुक सिटी सर्व्हे नंबरच्या जागेच्या उपभोगासाठी आहे. (जिच्यावर बंधन ती बांधलेली जमीन, जिच्यासाठी बंधन ती लाभधारक.) हे एक वाक्य राहिलं तर बाकीची पानं असून नसल्यासारखी.

विहिरीवरच्या स्लॅबचा मुद्दा आम्ही आग्रहाने घालायला लावतो. 30 मार्च 2023 ला, रामनवमीच्या दिवशी, इंदूरमध्ये मंदिरातल्या झाकलेल्या बावडीवरचा स्लॅब कोसळून 36 माणसं गेली. बावडी झाकली की खाली काय आहे हे पुढच्या पिढीला कळत नाही, आणि वरच्या फरशीवर लोक निर्धास्त बसतात.

एकदा भाग विकला गेला, बिल्डरचं बानाखत (विक्रीचा करार) झालं, की मग आम्हाला फोन करून उपयोग नाही. तेव्हा बंधन घालायला समोरचा तयार होत नाही, झालाच तर भाव पाडून मागतो. आणि हे आत्ताच सांगून ठेवतो: बंधन असलेल्या जागेला गिऱ्हाईक कमी पैसे देणार. बंधनाने किंमत वाढते असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या.

"करणार नाही" टिकतं, "करीन" टिकत नाही

हा मुद्दा सगळ्यांना खटकतो. नवीन मालकावर जे बंधन चालतं ते न करण्याचं: पाडणार नाही, तोडणार नाही, बुजवणार नाही, दुसरा मजला चढवणार नाही. दर पावसाळ्याआधी कौलं परतीन, खांबांना तेल देईन, वडाच्या पारंब्यांना आधार लावीन, ही वचनं ज्याने दिली त्याच्यापुरती. जागा विकली की नवा मालक त्यातून सहसा मोकळा. म्हणून न पाडलेला वाडा पडून जाऊ शकतो, आणि कागद काहीच बिघडला नाही असं म्हणतो. देखभाल हवी असेल तर तिची सोय वेगळी करावी लागते: कुटुंबाची ठेव, भाडेकरूच्या करारात दुरुस्तीचं कलम, किंवा ट्रस्ट.

वर्णन हेच अर्धं काम

"वाड्याचं जुनेपण जपावं" असं लिहिलेल्या कागदाने कोर्टात काहीही अडत नाही. काय जपायचं ते दाखवावं लागतं. झाडाचं वर्णन आम्ही असं करतो:

"सदर जमिनीतील वडाचे एक झाड, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर अमुक मीटर, विहिरीच्या काठापासून अमुक मीटर पूर्वेस व दक्षिणेकडील कुंपणापासून अमुक मीटर आत, त्याच्या पसाऱ्याची कड नकाशात लाल रेषेने दाखवली आहे. सदर लाल रेषेच्या आत कोणतेही पक्के बांधकाम, बोअर, खोदकाम वा भराव करणार नाही. वाळलेली अथवा धोकादायक फांदी लाभधारक जमिनीच्या मालकास लेखी कळवून काढता येईल."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. धोकादायक फांदीही काढायची नाही अशी बंदी घातली तर एखाद्या वादळानंतर तीच बंदी तुमच्या गळ्यात येते. आणि बंदी नुसत्या खोडाची नको. मुळांवर भराव टाकला की झाड न तोडताही काही वर्षांत मरतं, आणि बांधकामवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

वाड्याचं तसंच. कोणता भाग "दर्शनी" ते मोजून, तारखेसह फोटो लावून, प्रत्येक फोटोवर सगळ्यांच्या सह्या घेऊन. कोरीव खांब किती, कोणत्या मजल्यावर, सज्जाची लांबी किती, भिंतीवर जुनं रंगकाम कुठे. दस्त गुजरातीत लिहितो, कारण पुढे सबरजिस्ट्रारपासून कोर्टापर्यंत तोच वाचला जाणार. घरातल्या मोठ्यांना वाचायला मराठी प्रत वेगळी देतो. मावशी-आत्यांनी ती वाचल्याशिवाय सही करू नये, ही आमचीच अट.

कोतरांसाठी सगळ्यांचा मिळून एक दस्त

विश्वामित्रीच्या आजूबाजूला ज्यांच्या वाड्या किंवा फार्म आहेत त्यांना कोतर म्हणजे काय ते सांगायला नको. पावसाचं पाणी तिथूनच उतरतं, मगरी तिथेच उन्हाला येतात. ऑगस्ट 2024 च्या पुरानंतर या प्रश्नाकडे बघायची लोकांची नजर बदलली आहे. एकाने आपलं कोतर राखलं आणि वरच्याने, खालच्याने भरून टाकलं तर राखणाऱ्याच्याच अंगणात पाणी. इथे लागून असलेल्या सगळ्या मालकांनी परस्परांना लिहून द्यायचं: प्रत्येकाची जमीन बांधलेली आणि प्रत्येकाचीच जमीन लाभधारक. कलम 40 मधली दोन जमिनींची अट इथे सहज पुरी होते. अडचण एवढीच की चौघे तयार असतात आणि पाचवा परगावी असतो. तो येईपर्यंत थांबू नका. चौघांचा दस्त करा आणि पाचव्याला नंतर जोडून घ्या.

सरकारशी होणारा करार

प्राचीन स्मारक कायदा 1958 मध्ये खासगी मालकाशी कराराची तरतूद आहे, कलम 6. स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून जाहीर झालेलं असावं लागतं आणि ते किमान शंभर वर्षं जुनं असावं लागतं. मालकी तुमचीच राहते; देखभाल, लोकांना पाहू देणं, बदल न करणं, विकायचं झाल्यास सरकारला आधी कळवणं, अशा गोष्टी करारात येतात. तुमच्याकडून घेणाऱ्यावरही तो करार लागू असतो. तीन वर्षांनंतर सहा महिन्यांची नोटीस देऊन मालक बाहेर पडू शकतो, पण मागच्या पाच वर्षांत सरकारने केलेला देखभालीचा खर्च भरावा लागतो. राज्याचा याच धर्तीचा कायदा 1965 चा आहे.

साध्या घरांना हा मार्ग क्वचितच लागू होतो. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, भिंतीभर चित्रं असलेला, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. असे वाडे थोडेच. मात्र तांबेकर वाडा किंवा हजिरा (जुना मकबरा) यांच्या आसपास तुमचं घर असेल तर एक ध्यानात असू द्या: संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि पुढच्या 200 मीटरमध्ये बांधकाम परवानगीनेच. आधी मोजून घ्या. तुमच्या घरावर निम्मं बंधन आधीच असेल.

ट्रस्ट करायचा का?

सार्वजनिक ट्रस्टला वाडा देणं हा कायमचा मार्ग खरा, कारण ट्रस्टची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही. पण वाडा तुमचा राहत नाही. राहायची खोली, गणपतीचे दहा दिवस, हे सगळं विश्वस्तांना विचारून. शेतजमीन असेल तर आणखी एक गाठ: गुजरातमध्ये बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन द्यायला कलेक्टरची परवानगी लागते, आणि ट्रस्ट शेतकरी नसतो.

वन्यजीव कायद्यात खासगी जमिनीवर "सामुदायिक राखीव क्षेत्र" जाहीर करण्याची सोय आहे. मालकाने आपणहून पुढे यावं लागतं, आणि मग राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय जमिनीचा वापर बदलत नाही. गावाकडच्या मोठ्या तळ्याकाठच्या जमिनीला विचार करण्याजोगं. शहरातल्या बंगल्याला नाही.

करार कशाने मोडतो

बांधलेली आणि लाभधारक, दोन्ही जमिनी एकाच मालकाकडे गेल्या की अडवणारा आणि अडवला जाणारा एकच, म्हणून हक्क संपतो. सरकारने जमीन संपादन केली किंवा ती टीपी स्कीममध्ये (नगररचना योजनेत) गेली तर खासगी करार तिथे आडवा येत नाही. जागेवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्या. सगळ्यात जास्त करार मात्र गप्प बसण्याने मोडतात. शेजाऱ्याने बंदीच्या रेषेत भिंत घातली, तुम्ही सणावाराला गोड बोलत राहिलात, आणि दोन वर्षांनी मनाई हुकूम मागायला गेलात तर कोर्ट विचारणार, इतके दिवस कुठे होतात? भिंतीचा पाया दिसला की त्याच आठवड्यात लेखी नोटीस. नातं राखायचं असेल तर नोटिशीसोबत पेढे पाठवा.

सह्या आणि नोंदणी

नोटरीचा कागद इथे पुरत नाही. स्थावर मिळकतीतला हक्क मर्यादित करणारा दस्त नोंदवावाच लागतो, आणि सही झाल्यापासून चार महिन्यांत तो सबरजिस्ट्रारकडे सादर करायचा. नोंदणीचा मोठा फायदा असा की पुढचा खरेदीदार "मला माहीतच नव्हतं" म्हणू शकत नाही. नोंदलेला दस्त त्याला माहीत आहे असंच कायदा धरतो. तरी आम्ही सात-बारावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर नोंद घालायचा अर्जही करतो, कारण लोक इंडेक्स (नोंदलेल्या दस्तांची सूची) नंतर बघतात, उतारा आधी.

सह्या सगळ्या हिस्सेदारांच्या. 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, तेव्हा लग्न होऊन पुण्याला किंवा बेळगावला गेलेल्या बहिणीची सहीही लागते, किंवा आधी तिचं नोंदलेलं हक्क कमीचं खत (हक्कसोडपत्र). करार विक्रीसोबत होत असेल आणि जागा अशांत धारा (मिळकतीच्या हस्तांतरावर बंधन घालणारा गुजरातचा कायदा) लागू असलेल्या भागात असेल, तर कलेक्टरची परवानगी आधी.

पहिल्या भेटीला येताना प्रॉपर्टी कार्ड किंवा सात-बारा आणि आठ-अ, जुनं खरेदीखत किंवा वाटणीपत्र, वारसाईची नोंद, कर भरल्याची पावती आणि जे राखायचं आहे त्याचे फोटो आणा. फोटो मोबाइलवर असले तरी चालतील, पण दिवसा काढलेले आणि संपूर्ण दिसणारे. पहिल्या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही. जागा बघायला आमचा माणूस मोजपट्टी घेऊन येतो, तेव्हा शेजारच्या मालकालाही बोलावून ठेवा.