विटेचा चुरा आणि नदालचा डावा हात

पॅरिसच्या रोलां गारो या टेनिस संकुलाचं लाल कोर्ट टीव्हीवर दिसलं की बेळगाव-खानापूरच्या माणसाला ते आपल्याच मातीचं वाटतं. रंग खरोखर तोच, लोहाच्या ऑक्साइडचा. आपल्याकडे मुसळधार पावसाने युगानुयुगं जमिनीतली सिलिका धुऊन नेली, लोह मागे राहिलं आणि जांभा तयार झाला. रोलां गारोवर मात्र माती नसतेच. तिथे असते भाजलेल्या विटेची पूड.

हा फरक मोठा आहे. बेळगावातल्या आनंदवाडीच्या आखाड्यातली माती कच्ची असते. पैलवान तिच्यावर पाठ टेकवणार, म्हणून तेल, ताक, हळद घालून ती मऊ राखतात. खानापूरच्या भट्टीत वीट किंवा कौल भाजलं जातं तेव्हा साधारण ५००-६०० अंश सेल्सिअसच्या आसपास चिकणमातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून जातं. त्यानंतर ती कितीही भिजवा, तिचा चिखल होत नाही. टेनिसला असाच टणक, खरखरीत कण हवा. रोलां गारोवर या पुडीचा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो. खाली चुनखडीचा सहा-सात सेंटीमीटरचा थर, त्याखाली जळक्या कोळशाची खडी आणि मग दगडगोटे. चुनखडी ओलावा धरून ठेवते आणि त्या ओलाव्यावर वरची पूड बसून राहते. म्हणूनच कोर्टावर वारंवार पाणी मारावं लागतं.

स्पेनचा टेनिसपटू राफाएल नदाल याने याच कोर्टावर भरणारी फ्रेंच ओपन स्पर्धा १४ वेळा जिंकली. ११६ सामन्यांत ११२ विजय, ४ पराभव. एकाच स्पर्धेवर एका खेळाडूची एवढी हुकमत टेनिसने दुसरी पाहिलेली नाही. जिद्द आणि मेहनत त्याच्याकडे होतीच, पण तेवढ्याने हे आकडे उलगडत नाहीत, असं मला वाटतं. त्याचा फटका आणि विटेची पूड यांचं भौतिकशास्त्र एकमेकांना विलक्षण जुळलं होतं.

नदालचा जन्म ३ जून १९८६ चा, स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या मानाकोर गावातला. काका टोनी हेच त्याचे गुरू. लिहितो उजव्या हाताने, खेळायचा डाव्या. फोरहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका, मारताना त्याची रॅकेट खालून वर झपकन जायची आणि कित्येकदा डोक्यावरून मागे फिरायची. चेंडूला जोराची पुढची फिरकी मिळायची ती यातून. जलद कॅमेऱ्यांनी केलेल्या मोजणीत त्याचा फोरहँड सरासरी मिनिटाला ३,२०० फेऱ्यांच्या घरात आढळला. म्हणजे सेकंदाला पन्नासहून जास्त! रॅकेटच्या पॉलिएस्टर तारा घसरून झटक्यात जागेवर येतात, त्यांचाही यात हातभार असतो.

असा चेंडू भोवतालची हवा वरच्या दिशेला ढकलतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः खाली खेचला जातो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. त्यामुळे नदाल जाळीच्या बराच वरून, निर्धास्त जोराने मारू शके. बाहेर जाईलसा वाटणारा चेंडू रेषेच्या आत कोसळायचा. कोसळताना त्याचा कोन तीव्र असतो, म्हणून टप्प्यानंतर तो वरही तितकाच तीव्र उसळतो. गवताच्या कोर्टावर घर्षण कमी असल्याने चेंडू खालून सरपटत निघून जातो. विटेची पूड त्याला धरते, त्याचा पुढचा वेग खाते आणि उसळी उंच ठेवते. कोरड्या, उन्हाच्या दिवशी ती आणखी वाढते. ढगाळ, दमट दिवशी चेंडू जड होतो आणि नदालची धार थोडी बोथट व्हायची.

याचा सर्वांत मोठा फटका बसला रॉजर फेडररला. डावखुऱ्या नदालचा तिरका फोरहँड उजव्या हाताने खेळणाऱ्या फेडररच्या बॅकहँडकडे, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, जायचा आणि खांद्याच्याही वर उसळायचा. एका हाताने मारायच्या बॅकहँडला तिथे जोरच मिळत नाही. रोलां गारोवर दोघे सहा वेळा भिडले आणि सहाही वेळा नदाल जिंकला. उलट २००९ मध्ये त्याला तिथे पहिल्यांदा हरवलं ते स्वीडनच्या रॉबिन सोडरलिंगने. उंची १९३ सेंटीमीटर. इतरांच्या खांद्याशी येणारा चेंडू त्याला सोयीच्या उंचीवर मिळाला आणि त्याने तो सपाट, सणसणीत मारला.

घसरत खेळता येणं हीसुद्धा या पुडीची देणगी. धावता धावता एकदम थांबलं की सगळा झटका गुडघ्या-घोट्यावर येतो. घसरत थांबलं की तोच झटका जास्त वेळात विभागला जातो आणि बल कमी होतं. नदालला याची गरज इतरांपेक्षा जास्त होती. २००५ मध्ये, पहिली फ्रेंच ओपन जिंकली त्याच वर्षी, त्याच्या डाव्या पायाला म्युलर-वाइस हा दुर्मीळ विकार असल्याचं निदान झालं. यात पावलाच्या मध्यावरच्या नाविक्युलर हाडाचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि हाड हळूहळू झिजून चेपतं. उपाय म्हणून बुटात खास तळवे बसवले. पावलावरचा भार हलला, पण तो गुडघ्यांवर गेला आणि पुढे गुडघे दुखू लागले.

चौदावं विजेतेपद आलं ५ जून २०२२ रोजी, छत्तिसाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी. अंतिम सामन्यात कॅस्पर रूडला त्याने ६-३, ६-३, ६-० असं हरवलं. त्या संपूर्ण स्पर्धेत त्याच्या पावलाच्या संवेदना नेणाऱ्या नसा इंजेक्शनने बधिर केलेल्या होत्या. पाऊल जमिनीला टेकल्याची नीट जाणीव नसताना घसरणं, वळणं आणि थांबणं हे मला त्याच्या साऱ्या विक्रमांहून अचाट वाटतं. पुढे त्या नसांवर रेडिओलहरींचे उपचार झाले, २०२३ मध्ये कंबरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ मध्ये रोलां गारोच्या पहिल्याच फेरीत अलेक्झांडर झ्वेरेव्हने त्याला हरवलं. शेवटचा सामना तो त्याच वर्षी नोव्हेंबरात, मालागाला डेव्हिस कपमध्ये खेळला. तो होता छताखालच्या हार्ड कोर्टवर, विटेच्या पुडीवर नव्हे.