बोटातलं चुंबक काय सांगतं, काय नाही

चुंबकक्षेत्र जाणवावं म्हणून काही जण बोटाच्या कातडीखाली बारीक चुंबक बसवून घेतात. त्याला खरंच काय कळतं, हे पाहायला अलिबागपासून सुरुवात करू. तिथल्या चुंबकीय वेधशाळेची इमारत उभारताना लोखंड कटाक्षाने टाळलं होतं. त्याआधी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची नोंद मुंबईत कुलाब्याला व्हायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे दिसू लागलं. ट्रामच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत हे काम समुद्रापलीकडे अलिबागला नेलं गेलं. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप घेतलं, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी. आजही तिथली उपकरणं एका नॅनोटेस्लाहून लहान बदल टिपतात (टेस्ला हे चुंबकक्षेत्राचं एकक, नॅनोटेस्ला त्याचा अब्जावा भाग).

आता 3 मिलिमीटर व्यासाची, 1 मिलिमीटर जाडीची निओडिमियम चुंबकाची चकती घ्या. वजन भरेल जेमतेम 53 मिलिग्रॅम. एक मीटर अंतरावर, तिच्या अक्षाच्या दिशेने, तिचं क्षेत्र सुमारे 1.6 नॅनोटेस्ला येतं. म्हणजे ही चकती बोटात बसवून कुणी त्या उपकरणापासून हातभर अंतरावर उभा राहिला, तर उपकरणाला तो कळेल. अलिबागला पृथ्वीचं क्षेत्र सुमारे 43,000 नॅनोटेस्ला आहे, पण ते मात्र त्या माणसाच्या बोटाला मुळीच कळणार नाही. बोटात चुंबक बसवलं की उत्तर दिशा कळू लागते, हा या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

कारण हिशेबात आहे. पृथ्वीच्या क्षेत्रात या चकतीवर पीळ बसतो तो इतका थोडा, की एका कडेला वर आणि समोरच्या कडेला खाली असा प्रत्येकी साधारण 12 मिलिग्रॅम वजनाइतका दाब पडतो. त्यात तो स्थिर. स्पर्शाच्या चेतांना स्थिर, हलका दाब फार वेळ जाणवत नाही. अंगावरचा सदरा दिवसभर जाणवत नाही तो याचमुळे. शिवाय बोट वळवताना कातडीच्या घड्या, नाडीचे ठोके, सांध्यांची हालचाल यांचे दाब यापेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यात हा बारीक पीळ हरवून जातो.

तरीही बोटातल्या चुंबकाला काहीतरी जाणवतं, हे खरं आहे. जाणवतं ते बदलतं क्षेत्र. बोटाच्या टोकाला दोन प्रकारच्या चेता थरथर टिपण्यात तरबेज असतात. कातडीच्या वरच्या थरातल्या माइसनर पिंडिका सेकंदाला साधारण 10 ते 50 कंपनांना चांगला प्रतिसाद देतात, आणि खोलवरच्या पॅसिनियन पिंडिका 200-300 कंपनांच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतात. पॅसिनियन पिंडिकांना तर मायक्रोमीटरच्या अंशाएवढी थरथरही पुरते. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची. तिचं क्षेत्र सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होतं, चकती त्याच तालात डुलते आणि कातडी ती थरथर ओळखते. 50 हर्ट्झ हा आकडा दोन्ही पिंडिकांच्या पट्ट्यात जेमतेम सापडतो, हे आपलं नशीब. चुंबकक्षेत्रासाठी वेगळं इंद्रिय उगवत नाही. काम करतो तो नेहमीचाच स्पर्श. (ट्रान्सफॉर्मर कानाला 100 हर्ट्झवर गुणगुणतो, कारण त्याचा गाभा प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला ताणला जातो. बोटातलं चुंबक मात्र 50 वरच थरथरतं.)

घरात काय कळतं, हे यावरून ठरवता येतं. पावसाळ्यात कोकणात वीज जाते आणि घरोघरी इन्व्हर्टर चालू होतात. त्यातला लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर भाराखाली असला की बोट जवळ नेताच स्पष्ट गुणगुण जाणवते. मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असतानाही तेच, कारण त्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून बरंच क्षेत्र बाहेर गळतं. मिक्सरची मोटर आणि जुने, जड एलिमिनेटर (लोखंडी गाभ्याचे अडॅप्टर) अगदी जवळून कळतात. मोबाइलचा हलका चार्जर कळत नाही, कारण त्याच्या आतलं काम हजारो हर्ट्झवर चालतं. एवढ्या वेगाने चकती डुलूच शकत नाही. इंडक्शन शेगडीचंही असंच. तिथे काही जाणवणार नाही, पण चकतीत भोवरा प्रवाह निर्माण होऊन ती तापेल. चुंबक लावलेलं बोट इंडक्शनवरच्या भांड्याजवळ नेऊ नये. स्पीकर किंवा दाराच्या चुंबकाजवळ वेगळीच जाणीव होते: थरथर नाही, कातडीवर मऊ ओढ किंवा ढकल.

भिंतीतली वायर मात्र बहुधा कळत नाही. फेज आणि न्यूट्रल शेजारीशेजारी असतात, त्यांतले प्रवाह उलट दिशेने वाहतात आणि क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतात. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. चुंबकक्षेत्र प्रवाहामुळे तयार होतं, नुसत्या विद्युतदाबामुळे (व्होल्टेजमुळे) नव्हे. स्विच बंद असला तरी फेजची वायर जिवंत असते, पण तिच्यातून प्रवाह वाहत नसल्यामुळे बोटाला काहीच जाणवणार नाही. ‘चुंबकाने वायर जिवंत आहे की नाही ते कळतं’ असं मानून विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये हात घालणारा माणूस जिवाशी खेळतो. त्या कामाला टेस्टरच हवा, आणि त्याआधी मेन स्विच खाली पाडलेला हवा.

शरीरात चुंबक बसवण्याचा प्रकार साधारण वीस वर्षांपूर्वी अमेरिकेत शरीर-अलंकरण करणाऱ्यांच्या वर्तुळात सुरू झाला. स्टीव्ह हॉवर्थ आणि जेसी जॅरेल ही त्यातली सुरुवातीची नावं. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात 2010च्या सुमारास एक पुढचं पाऊल टाकलं गेलं. बोटाभोवती तारेचं वेटोळं घालून ते अल्ट्रासॉनिक अंतरमापकाला जोडलं, म्हणजे समोरची वस्तू किती दूर आहे हे थरथरीच्या वेगावरून बोटाला कळावं. कल्पना चांगली होती. पण हे सगळं टिकतं की नाही, ते चुंबकाच्या आवरणावर अवलंबून असतं, आणि तिथेच गाडी अडते.

निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचं हे मिश्रण चुंबक म्हणून फार ताकदवान आहे, पण गंजण्यात त्याहून पुढे. त्याचे बारीक स्फटिक एकमेकांना चिकटून असतात ते निओडिमियम जास्त असलेल्या पातळ थराने. ओलावा आणि क्लोराइड मिळालं की हा थर आधी खाल्ला जातो. त्या क्रियेत हायड्रोजन सुटतो, तो स्फटिकांत शिरतो, स्फटिक फुगतात आणि एकेक करून सुटे होऊन भुकटी पडते. किनाऱ्यावरच्या घरांत फ्रिजच्या दारावरची बारीक चुंबकं दोन-तीन पावसाळ्यांत फुगून फुटलेली दिसतात, ती याच क्रियेने. शरीरातला द्रव साधारण 0.9 टक्के मिठाचा, 37 अंश तापमानाचा आणि कायम ओला. समुद्राच्या पाण्याहून मीठ कमी असलं तरी सुट्टी कधीच नाही. निकेलचा मुलामा सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातूनही हरतो, शिवाय अनेकांना निकेलची ॲलर्जी असते. सिलिकोन बाहेरून अखंड दिसतं, पण पाण्याची वाफ त्यातून पार जाते. टायटॅनियम नायट्राइड आणि पॅरिलीन (एक पातळ प्लास्टिक) यांची आवरणं बरीच बरी. तरी बसवताना स्टीलच्या चिमट्याचा एक ओरखडा पुरतो. चिमटा स्टीलचा असेल तर चकती त्यावर उडी मारूनच बसते, म्हणजे ओरखडा जवळजवळ ठरलेला.

निर्जंतुक करण्यातही अडचण आहे. दवाखान्यातला ऑटोक्लेव्ह 121 अंश सेल्सिअसवर चालतो. N52 या ताकदवान दर्जाचं चुंबक 80 अंशांपलीकडे कायमची ताकद गमावू लागतं. म्हणजे उकळवून किंवा ऑटोक्लेव्ह करून ‘स्वच्छ’ केलेलं चुंबक शरीरात जातं तेव्हाच अर्धमेलं असतं. वायूने किंवा रसायनाने निर्जंतुकीकरण करावं लागतं, आणि ते घरच्या स्वयंपाकघरात होत नाही.

पुढचा बिघाड जखमेचा. बोटाच्या टोकाच्या मांसल भागात तंतूंचे छोटे कप्पे असतात. तिथे पू झाला तर तो पसरायला जागा नसते, दाब वाढतो आणि प्रकरण हाडापर्यंत किंवा स्नायूबंधाच्या आवरणात जाऊ शकतं. मासळी साफ करणाऱ्या, जाळी ओढणाऱ्या, खाडीच्या पाण्यात हात घालणाऱ्या माणसाला हा धोका अधिक. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा पाण्यातला जंतू बारीक जखमेतून हातात शिरतो, गाठी महिनोन्‌महिने राहतात आणि साधी औषधं चालत नाहीत. व्हिब्रिओ जातीचे जंतू तर काही तासांत हात सुजवतात. जखम भरली तरी चकतीवरची कातडी हळूहळू पातळ होऊन ती बाहेर येऊ शकते, विशेषतः लोखंडी वस्तूला चिकटल्यावर कातडी मधे चिमटली गेली तर. अमेरिकन पत्रकार क्विन नॉर्टन यांच्या बोटातल्या चुंबकाचं आवरण फुटलं, तुकडे झाले, टोक काळवंडलं आणि डॉक्टरांना ते पूर्ण काढता आलं नाही.

एमआरआयचा प्रश्न सगळ्यात गंभीर. वरच्या हिशेबात पृथ्वीच्या क्षेत्राने चकतीच्या कडेला 12 मिलिग्रॅम दाब आला होता. 1.5 टेस्लाच्या यंत्रात तोच दाब प्रत्येक कडेला सुमारे 400 ग्रॅम होतो, ओढ वेगळीच. 53 मिलिग्रॅमची चकती मांसात जबरदस्तीने फिरेल. अपघातात बेशुद्ध माणसाला कुणी विचारणार नाही.

आमचा सल्ला सरळ आहे: कापू नका. स्पर्श जे काम करतो, त्यातलं बरंचसं चुंबक कातडीबाहेर ठेवूनही होतं. नखाला चिकटवलेली चकती आतल्या चकतीइतकी तीक्ष्ण नसते, पण इन्व्हर्टर आणि मायक्रोवेव्ह नक्की ओळखते.

3 बाय 1 मिलिमीटरची N42 ते N52 दर्जाची चकती घ्या, शक्यतो इपॉक्सी किंवा सोन्याचा मुलामा असलेली. ज्या हाताने कमी काम करता त्या हाताची अनामिका निवडा. नखाची चकाकी कानशीने हलकेच काढा, स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या. नेल ग्लूचा अर्धा थेंब नखाच्या मधोमध टाका, सांडलेला गोंद कापसाने टिपू नका: सायनोॲक्रिलेट आणि कापूस मिळून चटका बसेल इतके तापतात. चकती लाकडी काडीने उचलून बसवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. पावसाळ्यातल्या दमट हवेत हा गोंद अपेक्षेपेक्षा लवकर धरतो आणि कडेला पांढरी भुकटी येते, म्हणून पहिल्याच वेळी नीट बसवा. वरून पारदर्शक नेलपॉलिशचे दोन थर, कडांसकट. नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, तेवढी चकतीही पुढे सरकते. काढताना ओढू नका, नखाचा थर निघून येतो. ॲसिटोनचा बोळा दहा मिनिटं ठेवा.

नख जमत नसेल तर बोटाच्या मांसल बाजूला मायक्रोपोर पट्टीखाली चकती ठेवा. काही तासांच्या प्रयोगाला ते पुरे. भाकरी थापताना, मासे कापताना चकती काढून ठेवलेली बरी: सुरीचं पातं अचानक ओढलं जातं, आणि निघालेली चकती जेवणात जाऊ शकते. पोटात दोन चकत्या गेल्या तर आतड्याची घडी मधे पकडून त्याला भोक पाडतात. लहान मुलं असतील त्या घरात सुट्या चकत्या ठेवूच नयेत. पेसमेकर असलेल्याच्या छातीजवळही हा हात नेऊ नये.

रत्नागिरीजवळ मिऱ्या, काळबादेवीच्या किनाऱ्यावर काळी वाळू असते. तिच्यातलं इल्मेनाइट हे खनिज चुंबकाला कमी धरून राहतं, पण मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण चकतीला दाढीसारखे चिकटतात आणि पुसून निघत नाहीत. ते घासले गेले की मुलामा जातो आणि गंज सुरू. चिकटपट्टी लावून उपटावेत.

खरंच जाणवतंय की भास आहे, हे तपासायला आवाज न करणारं एखादं लोखंडी गाभ्याचं एलिमिनेटर वापरा. डोळे मिटा, दुसऱ्याला नाणं उडवून ते चालू-बंद करायला सांगा, वीसदा ओळखा. एलिमिनेटरला भार जोडलेला असू द्या. नुसत्या नशिबाने पंधरा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण दोन टक्के.

दिशा कळावी अशी इच्छा असेल तर चुंबक नको, मापक हवं. ऑलिव्ह रिडले कासवं वेळास, अंजर्ल्याच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. त्यांच्या भाऊबंद लॉगरहेड पिल्लांवर जीवशास्त्रज्ञ केनेथ लोहमन यांनी केलेल्या प्रयोगांत पिल्लं क्षेत्राची तीव्रता आणि त्याचा जमिनीशी असलेला कोन, दोन्ही ओळखतात असं दिसलं. माणसासाठी जर्मनीतल्या ओस्नाब्रुक विद्यापीठात कंबरपट्टा तयार झाला: भोवती कंपक, आणि उत्तरेकडचा तेवढाच सतत थरथरतो. असा पट्टा एका चुंबकमापक चिपवर, मायक्रोकंट्रोलरवर आणि आठ नाणे-मोटरींवर (नाण्यासारख्या चपट्या कंपक मोटरींवर) घरी होतो. नेहमीची चूक अशी, की नाणे-मोटरीत स्वतःचं चुंबक असतं आणि चिप तिच्याशेजारीच बसवली जाते. चिप मोटरींपासून 15-20 सेंटिमीटर दूर, खांद्यावर ठेवा. कोकणात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत दोन अंशांहून कमी फरक आहे, त्यासाठी वेगळी दुरुस्ती लागत नाही. दुरुस्ती लागते ती जवळच्या लोखंडासाठी. नखावरची चकती चिपपासून 5 सेंटिमीटरवर आली तर सुमारे 13 मायक्रोटेस्लाचा (13,000 नॅनोटेस्लाचा) घोळ घालते, म्हणजे उत्तर अठरा-एकोणीस अंशांपर्यंत हलू शकते. 10 सेंटिमीटरवर तोच घोळ दोन-अडीच अंशांवर येतो. मच्छीमार बोटीवरच्या होकायंत्रालाही हाच नियम, तेव्हा सुकाणूवरच्या माणसाच्या बोटाला चकती नसावी. पट्टा बोटीवर वापरायचा असेल तर कॅलिब्रेशन (मापक जुळवून घेण्याचं काम) धक्क्यावर न करता बोटीवरच, इंजिन चालू ठेवून, बोट पूर्ण एक फेरा फिरवून करावं.