न हलणारं बटण

परवा भाचीने माझ्या बंद लॅपटॉपचा ट्रॅकपॅड दाबला आणि घाबरून म्हणाली, "मामा, हा बिघडला! टक् होत नाहीये." बिघडला नव्हता. तो बटणासारखा खाली जातच नाही, लॅपटॉप चालू असतानाही नाही. ॲपलने २०१५ साली मॅकबुकमध्ये असा ट्रॅकपॅड आणला आणि पुढच्याच वर्षी आयफोन ७ चं होम बटणही तसंच केलं.

मग टक् येतं कुठून? काचेखाली चार कोपऱ्यांत धातूच्या पट्ट्या असतात. बोटाच्या दाबाने त्या अगदी किंचित वाकतात. ताणलेल्या तारेचा रोध वाढतो, हे आपण शाळेत शिकलोय. त्यावरूनच दाब मोजला जातो. तो ठरावीक मर्यादेपुढे गेला की आतला विद्युतचुंबक काचेला झटका देतो. आणि हा झटका खाली-वर नसतो, आडवा असतो! तरी बोट शपथेवर सांगेल की बटण खाली गेलं.

ही करामत त्वचेच्या खोल थरातल्या, कंपनं टिपणाऱ्या पॅसिनियन कणांची. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, कांद्यासारखे पापुद्रे आणि मधोमध चेतातंतूचं टोक. बोट नुसतं टेकवून ठेवलं तर पापुद्र्यांमधला द्रव सरकतो, दाब विरून जातो, चेतातंतू गप्प बसतो. दाब झटकन बदलला तर द्रवाला सरकायला सवडच मिळत नाही आणि धक्का थेट आत पोचतो. सेकंदाला २०० ते ३०० कंपनांच्या आसपास हे कण इतके तल्लख असतात की मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) लहान हालचालही टिपतात. कंपनाची दिशा मात्र त्यांना नीट सांगता येत नाही. बोट खाली दाबतंय हे मेंदूला ठाऊक असतंच. तो तीच दिशा धरून चालतो.

बोटं तल्लख आहेत म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना स्पर्शाने रंग ओळखायला शिकवतो म्हणणाऱ्या 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'वाल्यांना पैसे देऊ नका. पट्टी बांधलेली मुलं रंग ओळखतात ती नाकाशेजारच्या फटीतून बघून. रंग ओळखणारं त्वचेत काहीही नाही.

झटका वेळेवर यावा लागतो, तसाच वेळेवर थांबावाही लागतो. जुन्या फोनमधली मोटर एका बाजूला जड असलेलं वजन फिरवायची. ते वेग घेईपर्यंत आणि थांबेपर्यंत नुसती घुर्रघुर्र. नव्या रचनेत वजन स्प्रिंगवर मागेपुढे होतं आणि उलटी विद्युतलहर देऊन त्याला जागच्या जागी आवरतात.

लॅपटॉप चालू करून भाचीला डोळे मिटून पुन्हा दाबायला लावलं. "किती खाली गेला?" तिने अंगठा आणि तर्जनीत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर दाखवलं.