इम्बोंगी म्हणजे नुसता भाट नव्हे

दक्षिण आफ्रिकेत संसदेत राष्ट्राध्यक्षाचं मोठं भाषण असलं की त्याच्याआधी अंगावर कातडं, डोक्याला कातड्याची टोपी अशा अवतारातला एक माणूस घसा ताणून धडाधड काहीतरी म्हणताना दिसतो. तो इम्बोंगी. खोसा लोकांचा स्तुतिकवी (खोसामधला 'ख' खरं तर जिभेच्या कडेने काढायचा चटका दिल्यासारखा आवाज आहे, देवनागरीत कुठून आणायचा).

पण स्तुतिकवी म्हटलं की आपल्याला राजाची हांजी हांजी करणारा भाट आठवतो, आणि तिथेच गडबड होते. ईस्टर्न केप प्रांतातल्या खोसा सरदारांकडे हे पद वारशाने मिळायचं नाही, ज्याला जमेल तो उभा राहायचा आणि लोकांनी मानलं की झाला इम्बोंगी. सरदाराचं कूळ, त्याचे पराक्रम हे सगळं उत्स्फूर्त, जागेवर रचलेलं, आणि त्याच दमात सरदार चुकत असेल तर चारचौघांत त्याची खरडपट्टी पण काढायची. ही मुभा बाकी कुणाला नव्हती.

यातलं सगळ्यात मोठं नाव सॅम्युएल म्खायी (1875–1945). छापखाना आला तशी ही कविता पेपरातही आली, आणि हा स्वतः पत्रकार होता. 1925 मध्ये इंग्लंडचा युवराज दौऱ्यावर आला तेव्हा याने स्वागतगीत केलं, वरवर सगळा जयजयकार, आणि आत काय तर तुम्ही बायबल पाठवलंत, सोबत ब्रँडीची पिंपं पाठवलीत, तोफा बंदुका पण पाठवल्यात! स्तुतीच्या चौकटीत बसवून दिलेला आहेर, दुसरं काय.

1938 मध्ये हाच म्खायी हील्डटाऊनच्या मिशनरी शाळेत आला तेव्हा मंडेला तिथे शिकत होते. बोलता बोलता त्याचा भाला वरच्या पडद्याच्या तारेला लागून खण्णकन वाजला, तर पठ्ठ्याने तेच धरलं आणि म्हणाला की ही आफ्रिकेची आणि युरोपची टक्कर आहे. तेही गोऱ्या मुख्याध्यापकांसमोर! मंडेलांनी हा किस्सा आत्मचरित्रात लिहिलाय.

बायका मात्र परंपरेने इम्बोंगी नसायच्या. तरी 1920 च्या दशकात नोन्त्सिझी म्ग्क्वेथो ही बाई जोहान्सबर्गच्या पेपरात अशाच थाटाच्या कविता छापत होती, पुढाऱ्यांनाही सोडत नव्हती.

पुढे 1980 च्या दशकात आल्फ्रेड काबुला नावाच्या, ईस्टर्न केपमधल्याच पोंडोलँड भागातल्या कामगाराने हाच बाज डर्बनच्या युनियन सभांमध्ये नेला, तिथे सरदाराच्या जागी चक्क कामगार संघटना. आणि 10 मे 1994 ला मंडेलांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथविधीला इम्बोंगी म्हणून झोलानी म्किवा उभा राहिला.